लेस्टरचे व्हिसागुरुजी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. म्हणजे हसणार तुम्ही, मला माहितेय. पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. घर भाड्याचं आहे आणि कार्पेट फिकट रंगाचं आहे.

तर माणूस चुका करतो. कोणी चुकीच्या बसमध्ये बसतो, कोणी बॉसला पाठवायचा मेसेज बायकोला पाठवतो. मी काय केलं? मी लेस्टरच्या मराठी मंडळाचा अख्खा गणपती बंद पाडायला निघालो होतो. तेही कायद्याचा आधार घेऊन, आणि समाजसेवा करतोय अशा समजुतीत.

त्याचं असं झालं. मी जानेवारीत इथं मास्टर्सला आलो. पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीनं आम्हा बाहेरून आलेल्या पोरांना एका हॉलमध्ये बसवून, स्लाइड दाखवत व्हिसाचे नियम सांगितले. सांगणारी बाई फ्रान्सेस, युनिव्हर्सिटीची इमिग्रेशन ॲडव्हायझर. चष्मा गळ्यात लोंबकळतोय, आणि आवाज इतका हळू की हीटरची घरघर जास्त ऐकू यावी. ती म्हणाली, टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही. पगारी असो नाहीतर बिनपगारी, दोन्ही धरायचं. स्वतःचा धंदा करायचा नाही. प्रोफेशनल खेळाडू किंवा कोच व्हायचं नाही. एंटरटेनर म्हणून काम करायचं नाही. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि घरी जावं लागू शकतं.

बाकीची पोरं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी एकटा वहीत उतरवून घेत होतो. ‘घरी जावं लागू शकतं’ याच्याखाली तर मी लाल पेननं दोनदा रेघ मारली.

का, ते सांगतो. आमचे बाबा एसटीत तिकीट तपासनीस होते. आमच्या घरी नियम म्हणजे नियम, पाहुण्यांनाही सूट नाही. शिवाय मला सोडायला चिंचवडहून आमची निम्मी सोसायटी टेम्पो ट्रॅव्हलर करून मुंबईच्या विमानतळावर आली होती. आई सगळ्यांना सांगत होती, आता दोन वर्षं तरी हा काही येत नाही. तो मी जर बॅग ओढत परत सोसायटीच्या जिन्यात दिसलो असतो, तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत आठ दारं उघडली असती. प्रत्येक दारात एकच प्रश्न, आणि प्रत्येकाला वेगळं खोटं सांगावं लागलं असतं.

म्हणून मी ठरवलं, नियमाच्या बाहेर केसभरही जायचं नाही.

बेलग्रेव्ह रोडवर एका साड्यांच्या दुकानात मला घड्या घालायचं काम मिळालं. आठवड्याला बरोबर वीस तास. बरोबर म्हणजे किती? वीस तास भरले की मी थांबायचो. पदर टेबलावर, काठ माझ्या हातात, निऱ्या हवेत, तरी थांबायचो. मालक म्हणायचा, “अरे भाई, ही एक तर पूर्ण कर.” मी म्हणायचो, “सोमवारी.” ती साडी शनिवारपासून सोमवारपर्यंत तशीच अर्धी पडून राहायची. मालकानं मला का ठेवलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि इथंच मला शिंगं फुटली.

आमच्याकडे तेजस नावाचा एक मुलगा होता, कराडचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो सुपरमार्केटमध्ये काम करायचा. त्याचा हिशोब चुकत होता, कारण तो आठवडा बुधवार ते मंगळवार असा धरत होता. मी वही उघडून दाखवलं की आठवडा सोमवार ते रविवार असतो. पठ्ठ्या चोवीस तासांवर जाता जाता वाचला. हे मात्र मी बरोबर सांगितलं होतं, हां. तेवढं एकच.

तेजसनं गावभर केलं. “दादांना विचार, दादांना सगळं पाठ आहे.” मग काय विचारता? रोज संध्याकाळी सहा ते नऊ, लायब्ररीचा दुसरा मजला, कॉफी मशीनशेजारचं टेबल. पोरं रांगेत. मला नाव पडलं व्हिसागुरुजी. मी आधी नको नको म्हणालो, म्हणजे आपण म्हणतो तेवढंच. मग एक नवी वही आणली आणि कव्हरवर जाड स्केचपेननं इंग्रजीत लिहिलं, ‘व्हिसा केसेस’.

एकदा माणसाला गुरुजी म्हटलं की ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून जातात ते कायमचे. मला कोणी काहीही विचारलं तरी माझ्याकडे उत्तर तयार.

“दादा, रूममेटचे केस कापून दिले तर चालतं का?”

“स्वतःचा धंदा. बंद कर.”

“पण मी पैसे घेत नाही.”

“मग बिनपगारी काम. किती वेळ लागतो?”

“अर्धा तास.”

“वीसमधून वजा कर.”

एकीनं विचारलं, मैत्रिणीचा सोफा वरच्या मजल्यावर चढवायचाय. मी विचारलं, सोफा केवढा आहे? जणू कायद्यात टू सीटर आणि थ्री सीटर अशी कलमं आहेत.

हे सगळं तसं चार भिंतींच्या आत होतं. मग सप्टेंबर आला आणि गणपती आले.

इथल्या मंडळाचा गणपती म्हणजे सरोजकाकूंचा गणपती. काकू हॉस्पिटलमधून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्यात. त्यांनी ‘बसा’ म्हटलं की माणूस बसतो, मग खुर्ची असो वा नसो. शाळेचा हॉल त्या बुक करतात, मिरवणुकीची परवानगी कौन्सिलकडून त्याच आणतात, आणि राबायला दरवर्षी विद्यार्थी गोळा करतात. त्या वर्षी एकतीस जण होते. ढोल वाजवणारे, मोदक करणारे, मंडळाच्या पोरांना लेझीम शिकवणारे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तेजस टेबलाशी आला. ढोल वाजवणाऱ्यांत तो पहिला. म्हणाला, “दादा, सहज विचारतो. मिरवणुकीत ढोल वाजवला तर व्हिसाला काही प्रॉब्लेम नाही ना?”

खरं सांगू? मी त्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. पण मागं रांग उभी होती. मी वही उघडली, मुद्दाम दोन पानं उलटली, आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, “लोक बघायला येतात?”

“येतात की. गोरे लोकही येतात.”

“टाळ्या वाजवतात?”

“वाजवतात.”

“एंटरटेनर,” मी म्हणालो.

तेजसचा चेहरा उतरला. मागच्या सायलीनं घाबरत विचारलं, “मी लेझीम शिकवतेय लहान मुलांना.” मी म्हणालो, “कोच.” तिच्या मागच्यानं विचारलं, “मोदक?” मी म्हणालो, “बिनपगारी काम. आणि खाल्लास तर पगारी.” कोणीतरी आरतीचंही विचारलं. त्यावर मी बराच विचार करून निर्णय दिला की ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांनी म्हणू नये, बाकीच्यांना धोका नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकामागून एक मेसेज. ‘काकू, सॉरी, व्हिसामुळे जमणार नाही.’ एकतीसच्या एकतीस गळाले.

संध्याकाळी काकू लायब्ररीत. हातात पर्स, अंगात कार्डिगन, आणि रांग आपोआप बाजूला झाली.

“तू का तो गुरुजी?”

मी उभा राहिलो. “बसा ना काकू.”

“मी बसायला नाही आले. माझी पोरं का पळाली ते सांग. संडेला प्रोसेशन आहे. चौदा ढोल आहेत माझ्याकडे आणि उरलेल्या काकांमधे चार हिप रिप्लेसमेंट आणि दोन पेसमेकर. ढोल कोण बांधणार कमरेला?”

मी शांतपणे वही पुढे केली. “काकू, भावना मी समजू शकतो. पण बिनपगारी कामही धरलं जातं.”

“अरे, देवाचं काम म्हणजे एम्प्लॉयमेंट होय रे? मग एम्प्लॉयर कोण, गणपती?”

“तेच तर क्लिअर नाहीये, काकू.”

हे मी खरंच म्हणालो. त्या बाईकडे बघून, सरळ चेहऱ्यानं म्हणालो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बहुतेक पूर्वी ताप उतरत नसलेल्या पेशंटकडे बघत असतील. मग म्हणाल्या, “हे तुला सांगितलं कोणी?”

“युनिव्हर्सिटीच्या फ्रान्सेसनं.”

“उद्या दहा वाजता मला तिच्याकडे ने.”

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता काकूंना अधिकृतपणे कळेल. मी रात्री शर्टला इस्त्री केली.

सकाळी दहाला आम्ही फ्रान्सेससमोर. काकूंनी आधी चकल्यांचा डबा टेबलावर ठेवला. मग मी प्रश्न मांडला, अगदी कलमवार. फ्रान्सेसनं चष्मा डोळ्यांवर चढवला, सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या त्या हळू आवाजात विचारलं, “या मुलांशी मंडळाचा काही करार झालाय?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“पैसे, किंवा पैशांच्या बदल्यात काही?”

“जेवण. ते सगळ्यांनाच असतं.”

“यायलाच पाहिजे असं बंधन आहे?”

यावर काकूंनी चकल्यांचा डबा पुढं सरकवला. मी म्हणालो, “तसं लेखी काही नाही.”

फ्रान्सेस हसली. म्हणाली, ही नोकरी नाही, ही सेवा आहे. सणात, देवळात, धर्मादाय संस्थेत आपखुशीनं हातभार लावणं वेगळं आणि बिनपगारी नोकरी वेगळी. नवव्या स्लाइडवर सविस्तर होतं, म्हणाली. आणि मिरवणुकीत ढोल वाजवला म्हणून कोणी एंटरटेनर होत नाही. नवव्या स्लाइडवर. मी तेव्हा आठव्या स्लाइडखाली लाल रेघा मारत होतो.

काकूंचा जीव भांड्यात पडला. माझं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. आता गुपचूप निघावं, एवढ्यात फ्रान्सेसनं विचारलं, “पण एकतीस मुलांचा एकाच दिवशी एकच गैरसमज कसा झाला?”

“कोणीतरी सांगितलं त्यांना,” काकू म्हणाल्या.

फ्रान्सेसनं चष्मा काढला. “कोणी?”

ती पुढं म्हणाली, “मी का विचारतेय ते सांगते. या देशात इमिग्रेशनचा सल्ला द्यायला रजिस्टर्ड असावं लागतं. मित्रानं मित्राला चहा पिताना काही सांगणं वेगळं. पण रजिस्टर्ड नसताना कोणी टेबल मांडून, वेळ ठरवून, रोज सल्ला देत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तुरुंगही आहे.”

बघा हं. एकतीस पोरांपैकी एकानंही काही मोडलं नव्हतं. तेजस नाही, सायली नाही, केस कापणारा नाही. अख्ख्या लेस्टरच्या मराठी विद्यार्थ्यांत नियम मोडणारा एकच निघाला, आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून मांडीवर पुरावा घेऊन बसला होता. कव्हरवर, जाड स्केचपेननं, इंग्रजीत.

मी वहीवर हळूच पंजा ठेवला. डोळ्यांसमोर आमचा जिना, आणि एकेक करत उघडणारी आठ दारं. मनात एकच, आता बॅग भरा.

“तो... गेला परत,” माझ्या तोंडून निघालं.

“कोण?”

“सल्ला देणारा. इंडियाला गेला. कायमचा.”

“केव्हा?”

“काल.”

फ्रान्सेसनं काकूंकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकूंनी दोन सेकंद पर्सच्या पट्ट्याशी चाळा केला आणि म्हणाल्या, “हो ना. मीच सोडलं त्याला एअरपोर्टला. फार रडला बिचारा.”

“बरं,” फ्रान्सेस म्हणाली. तिची नजर माझ्या पंजावर दोन क्षण जास्त रेंगाळली असं मला वाटलं. “गेला असेल तर प्रश्न मिटला.”

मी उठलोच. पण मराठी बाई कोणाच्या दारातून आमंत्रण दिल्याशिवाय निघते का? काकू दारात वळल्या. “संडेला यायचं हं तुम्ही. आमच्या चीफ गेस्ट.” मी मागून कार्डिगन ओढत होतो. काकूंनी माझा हात झटकला. “फॅमिलीला घेऊन या.”

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, “आता तू इंडियात आहेस. कळलं? त्या टेबलावर परत दिसलास तर मी स्वतः तिला फोन करीन. आणि आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिही.”

मी लिहिलं. ‘मी सांगितलेलं सगळं चुकीचं होतं. यापुढे प्रश्न युनिव्हर्सिटीला विचारा.’

इतकं स्पष्ट लिहिल्यावर विषय संपायला हवा ना? तेजसचं लगेच उत्तर आलं. ‘दादा, तुमच्यावर प्रेशर आहे का? असेल तर फक्त थम्स-अप करा.’

मी काही करायच्या आत काकूंनी फोन हातातून घेतला. वाचायचा चष्मा जवळ नव्हता. “पोरं काहीतरी ओके विचारतायत वाटतं,” असं म्हणून त्यांनी थम्स-अप दाबला.

झालं. पुढच्या तासाभरात मी हुतात्मा झालो. ग्रुपवर माझ्या फोटोखाली ‘दादा, आम्ही तुमच्या पाठीशी’. मी खुलासा करायला गेलो की पोरं डोळे मिचकावायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फ्रान्सेसचा अधिकृत ईमेल गेला, की सणात स्वेच्छेनं मदत करायला हरकत नाही. आता यावरून तरी काय कळावं? पोरांनी अर्थ काढला, की दादा युनिव्हर्सिटीशी भांडले आणि आपल्यासाठी नियम बदलून आणला. एकतीसच्या एकतीस परत आले. उलट नऊ जास्त आले.

मिरवणुकीच्या दिवशी माझा बेत सोपा होता. फ्रान्सेस येणार, म्हणजे मी दिसायचं नाही. सकाळी आठला मी हॉलच्या किचनमध्ये शिरलो आणि दार लावून नारळ खवायला बसलो. नारळ संपले तसे मी भांडी घासली. भांडी संपली तशी घासलेली भांडी परत घासली. बाहेर ढोल सुरू झाले, काय घुमत होते म्हणून सांगू. काच थरथरत होती. मला फार वाटत होतं बाहेर यावं. पण व्हिसा मोठा की ढोल?

काकू मधेच डोकावल्या. “आलीय ती. पुढच्या लाइनमधे बसवलीय. फेटा बांधलाय तिला. तू हलू नकोस.”

मी हललो नाही. पण दार बाहेरून उघडलं. तेजस आणि मागं दहा-बारा जण, गुलालानं लाल.

“दादा, तुम्ही इथं भांडी घासताय? तुमच्यामुळं आज हे सगळं आहे.”

“अरे नको, मी बराय इथं.”

“बघा, केवढा मोठा माणूस.”

मी सिंक धरलं. अक्षरशः दोन्ही हातांनी धरलं. पण ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या दंडात काय ताकद असते हे तुम्हाला माहीत नाही. मला खांद्यावर घेतलं, हाताला भांड्यांच्या साबणाचा फेस तसाच, आणि सरळ हॉलमधून बाहेर, ढोलांच्या मधे. ‘व्हिसागुरुजींचा विजय असो’ असं चाळीस पोरं ओरडतायत. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. आणि समोर, पाच फुटांवर, खुर्चीत, केशरी फेटा घालून फ्रान्सेस.

पोरांनी मला खाली उतरवलं नाही. तेजस पुढं झाला आणि अभिमानानं, स्वच्छ इंग्रजीत तिला म्हणाला, “मॅडम, हे आमचे व्हिसा कन्सल्टंट. रोज संध्याकाळी सहा ते नऊ, लायब्ररी, दुसरा मजला. यांना विचारल्याशिवाय लेस्टरमधे आम्ही पाणीसुद्धा पीत नाही.”

ढोल थांबले. फ्रान्सेसनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चष्मा हळूच डोळ्यांवर घेतला, फेट्याखाली नीट बसवला, आणि तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, “अरे वा. इंडियातून फार लवकर परत आलात. व्हिसा कोणी करून दिला इतक्या झटपट?”

मी काही बोलणार, त्याआधी तेजस छाती फुगवून म्हणाला, “यांना कोण करून देणार, मॅडम? आम्हा सगळ्यांचे तर हेच करतात.”